सत्तेचाळीस, म्हणजे नलभै एडु

मी सांगितलं सत्तेचाळीस, आणि अक्कांनी वहीत लिहिलं ७४.

मी काही बोलले नाही. "परत एकदा म्हणा बघू," एवढंच म्हटलं. त्यांनी ७ वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सत्ते." मग ४ वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "चाळीस." झालं की! जे कानावर पडलं ते त्याच क्रमाने कागदावर उतरलं होतं. यात चूक कुठली दाखवायची? बरोबर उत्तर सांगून खोडून घेणं सोपं होतं, पण तसं मी आधी दोन-तीनदा केलं होतं आणि चौथ्यांदा पुन्हा ७४ च आलं होतं. त्या संध्याकाळी प्रौढ साक्षरतेच्या आमच्या वर्गात मी विचारलं, "अक्का, तुमच्यात याला काय म्हणतात?"

"नलभै एडु."

तेलुगूत नलभै म्हणजे चाळीस. एडु म्हणजे सात.

"मग नलभै एडु लिहा."

क्षणभर पेन्सिल थांबली आणि वहीत ४७ उमटलं. अक्कांनी वर बघितलं. शेजारच्या दोघींनीही माना वाकवून बघितलं. मग त्यांनी आपल्या आपणच डेब्बै नालुगु म्हणत ७४ लिहिलं, त्याच्याखाली पुन्हा ४७ लिहिलं आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसल्या. सहा आठवडे मी ज्यावर डोकं आपटत होते ते बाईंच्या घरच्या बोलीत आधीपासून सरळ मांडून ठेवलेलं होतं.

मराठीत आपण एकवीस, बत्तीस, सत्तेचाळीस म्हणतो तेव्हा एकक आधी बोलतो आणि लिहिताना मात्र दशक आधी लिहितो. एकोणतीस, एकोणचाळीस तर त्याहून अवघड. ३९ मधला तीनही ऐकू येत नाही आणि नऊही. आपण लहानपणी उजळणी घोकून घोकून हे पचवलेलं असतं, म्हणून टोचत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर परोपरीने समजावून सांगत होत्या आणि लोक मात्र मराठी बुडाली म्हणून चिडले होते. मीही त्या चिडलेल्यांत होते. आज मला त्याबद्दल वाईट वाटतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षर गिरवायला बसलेल्या बाईने मला तो मुद्दा पेन्सिलीच्या टोकाने समजावला.

अक्का विड्या वळतात. नऊ वर्षांच्या होत्या तेव्हापासून. आमच्या सोलापुरात ही गोष्ट कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. पूर्व भागात सकाळी गल्लीतून गेलं की उंबऱ्याउंबऱ्यावर मांडीत सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याची रीळ. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली कुटुंबं ही. पुरुष मागावर आणि बाया विडीवर. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड नाहीतर उर्दू. सोलापूरचा माणूस एका वाक्यात तीन भाषांचे रुळ ओलांडतो आणि त्याला ते जाणवतही नाही. अक्कांना या चारही भाषा बोलता येतात. लिहिता एकही येत नव्हती. अशा बाईला आपण 'अडाणी' म्हणतो, आणि हा शब्द मी स्वतः काउंटरच्या मागे बसून कितीदा वापरला असेल, मोजदाद नाही.

मी एका बँकेत तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. पेन्शनच्या दिवसात आणि विडी कामगारांच्या पगाराच्या दिवशी रांग दारापर्यंत जायची. सही येत नसेल त्यांच्यासाठी निळं स्टॅम्प पॅड ठेवलेलं असायचं. डावा अंगठा पॅडवर, मग स्लिपवर, मग साक्षीदाराची सही. शाई पुसायला भिंतीला एक फडकं लटकवलेलं. कित्येक बाया ते फडकं वापरत नसत. काउंटरवरून वळता वळता पदराच्या आत अंगठा घालून पुसत. पदराला शाईचे जुने डाग असत. मला ते दिसायचं आणि मी पुढचं टोकन पुकारायचे.

पुढे मशीन आलं. रेशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे अंगठा काचेवर ठेवायचा. तेव्हा एक गोष्ट घडायला लागली. विडीवाल्या बायांचे अंगठे मशीन घेईना. पाण्यात भिजलेली पानं, कात्री, वर्षानुवर्षं त्याच दोन बोटांत फिरणारं पान. अंगठ्याच्या रेषाच झिजून गेलेल्या. एक बाई चार वेळा काचेवर अंगठा दाबून शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "सही तर आधीच येत नव्हती. आता अंगठापण येईना ओ बाई." नोकरीच्या शेवटच्या वर्षातली ही गोष्ट. तिच्या त्या बोलण्याने मी निवृत्तीनंतर काय करायचं ते ठरवलं.

अक्कलकोट रोडने कुंभारीकडे गेलं की विडी घरकुल लागतं. दहा हजार घरांची वसाहत आहे. विडी कामगार बायांनी लढून मिळवलेली, २००६ साली ताब्यात आलेली. नाव गोदूताई परुळेकरांचं. वारल्यांच्या लढ्यासाठी गोदूताई सगळ्यांना माहीत असतात. पण त्याच्या आधी, १९३७ च्या सुमाराला, त्या प्रौढ साक्षरतेच्या कामात होत्या हे मला फार उशिरा कळलं. ज्या बाईने मोठ्या माणसांना अक्षर शिकवायचं काम केलं तिच्या नावाच्या वसाहतीत अंगठा उठवणाऱ्या एवढ्या बाया राहतात, हे मला लागून राहिलं. तिथल्याच एका ओळखीच्या बाईंच्या ओसरीवर आमचा वर्ग सुरू झाला.

पहिल्या दिवशी चौदा जणी आल्या. तिसऱ्या आठवड्यात चार उरल्या.

मी नियम केला होता, वर्गात सूप आणायचं नाही. शिकायच्या वेळी शिकायचं, कामाच्या वेळी काम. शाळा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जे चित्र होतं त्यात सुपाला जागा नव्हती. पोटापाण्याचा हिशेब मी केलाच नव्हता. दिवसभर बसून हजार विड्या वळणाऱ्या बाईचा एक तास म्हणजे साधारण शंभर विड्या. रोज शंभर विड्यांची मजुरी सोडून या, असं मी त्यांना सांगत होते आणि वर 'शिक्षण फुकट आहे' असंही म्हणत होते. अक्कांनीच एक दिवस दारात उभं राहून विचारलं, "सूप घेऊन बसू का? हात चालतील, कान तुमच्याकडं." त्या आत आल्या, मागोमाग आणखी सात जणी आल्या. तंबाखूच्या वासाने पहिले काही दिवस मला ठसका लागायचा. पण वर्ग भरला. आम्ही पद्धत बसवली. आधी अर्धा तास बोलणं, वाचून दाखवणं, तोंडी हिशेब, तेव्हा हातात विडी. मग वीस मिनिटं सूप बाजूला, हात पुसून वही. विडीचं तोंड मुडपणाऱ्या, दोऱ्याचे दोन वेढे नेमके मारणाऱ्या त्या बोटांना पेन्सिलीचं वळण जड गेलं नाही. जड गेलं ते 'नाकु रादु' हे वाक्य सोडणं. नाकु रादु म्हणजे मला येत नाही. प्रत्येक अक्षराआधी ते यायचंच.

वेळापत्रकही माझं चाललं नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी वर्ग नाही, हे न सांगता ठरलं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, तेव्हा नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, तेव्हा नाही. नवरात्रात बतकम्मा, संध्याकाळी सगळ्या फुलं रचून गाणी म्हणत फेर धरणार, तेव्हा तर नाहीच. पहिल्या वर्षी मी याला गैरहजेरी म्हणत होते.

हे सगळं मी नव्याने शोधलं असं मला वाटायचं. मग वाचत गेले तसं कळलं की आपल्याच मातीत हे काम किती जुनं आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. कष्टकऱ्याला दिवसा वेळ नाही, तर शाळेने रात्री उघडायचं, एवढा सरळ विचार. चित्राताई नाईकांनी पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतून १९७९ पासून खेड्यापाड्यांत अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग चालवले ते असेच संध्याकाळचे, गुरं घरी आल्यावर, धाकटी भावंडं निजल्यावर. दिवसभर राबणाऱ्या मुली तिथे दोन तास यायच्या. 'अनौपचारिक' हा शब्द सरकारी वाटतो, पण त्याचा अर्थ माझ्या लेखी एवढाच की घंटा शिकणाऱ्याच्या हातात असते.

आणि शब्दही त्याच्याच हातातला लागतो. तिकडे ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरे नावाच्या शिक्षकाने १९६३ साली आंजिकोस नावाच्या गावात तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहा-वाचायला शिकवलं होतं. अ आ इ पासून न जाता त्यांच्या रोजच्या जगण्यातला शब्द घ्यायचा, त्यावर बोलायचं, तो फोडायचा, त्याच्या तुकड्यांतून दुसरे शब्द बांधायचे. 'वीट' हा त्यातला गाजलेला शब्द. पुढच्याच वर्षी तिथे लष्कर सत्तेवर आलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. मजुराला अक्षर शिकवलं म्हणून तुरुंग! ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा सुपं थांबली होती.

आमची वीट म्हणजे 'छाट'.

विड्या घेऊन बाई कारखान्यात जाते. पंचवीस-पंचवीसचे चाळीस कट्टे म्हणजे हजार. चेकर बघतो, हलकी, सैल, फाटक्या पानाची विडी बाजूला काढतो. ती छाट. तिचे पैसे नाहीत. कामगाराच्या लॉगबुकात रोजचं लिहिलं जातं, पान किती दिलं, तंबाखू किती, विड्या किती आल्या, छाट किती. हे लॉगबुक बाईकडेच असतं, तिच्या पिशवीत, तिच्या पेटीत. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त लिहिलेलं पुस्तक तेच आणि ते तिला वाचता येत नाही. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, छाटीला मर्यादाही घातली गेली. पण आकडाच न वाचणाऱ्या बाईला मर्यादेचा काय उपयोग?

म्हणून आम्ही कमळ आणि गवत सोडून 'छाट' घेतला. छ कठीण अक्षर, पहिल्यांदाच. मला वाटलं अडतील. अडल्या नाहीत. छाट, पाट, वाट, पान, पाणी, पगार. 'पगार' लिहून झाल्यावर एकजण म्हणाली, "दिसायला किती लहान हाय की ओ." दोरा, तोरा, कट्टा, पट्टा. आठ दिवसांत एवढ्या जोड्या जमल्या की मी नंतर लिहून ठेवल्या. अक्षरओळख पूर्ण व्हायला मात्र वर्ष गेलं. झटपट काही झालं नाही, आणि झटपट होतं असं सांगणाऱ्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

इथे एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. मातृभाषेतून शिक्षण, हे मी ऐकत वाढले. नलभै एडुच्या प्रसंगानंतर मला वाटलं की यांना तेलुगूच लिहायला शिकवावं, मी कुणीतरी तेलुगू शिकवणारं शोधते. अक्कांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तेलुगू माझ्या तोंडात हाय. ती कुठं जाती? मला बसची पाटी वाचायची हाय. दवाखान्याची चिठ्ठी. नातवाचं पुस्तक. ते सगळं मराठीत हाय." मग आम्ही मधला रस्ता काढला. विचार तेलुगूत, लिखाण मराठीत. आकडा आधी नलभै एडु म्हणून मांडायचा, मग मराठीत मोठ्याने वाचायचा. तेलुगूत अक्षरं शिकण्याला ओनमालु म्हणतात, 'ओं नमः' वरून. आपल्याकडे कशाचीही सुरुवात म्हणजे ओनामा. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ओसरीवर केवढा आनंद झाला. सिद्धरामेश्वरांच्या गावात, ज्यांनी बाराव्या शतकात साध्या माणसाच्या कन्नडमध्ये वचनं रचली, भाषांची सोयरीक लागायला वेळ लागत नाही.

वर्गाच्या दारात एक पोरगा उभा राहायचा. आत यायचा नाही. सतरा वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. बाप मागावर होता, त्याचा आजार निघाला आणि याची शाळा सातवीत सुटली. तो साक्षर होता, वाचायचा, अडखळत का होईना. म्हणून आजीच्या वयाच्या बायांबरोबर बसणं त्याला कमीपणाचं वाटायचं. या वयाच्या पोरांचं आपल्याकडे फार वाईट होतं. शिक्षण हक्काचा कायदा, २०१० पासून लागू झालेला, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. साक्षरतेचा कार्यक्रम पंधराच्या पुढच्यांसाठी, पण निरक्षर असेल तर. सातवीत शाळा सोडलेला सतरा वर्षांचा पोरगा दोन्ही दारांच्या मधल्या बोळात उभा. मोजणीत तो साक्षर धरला जातो आणि तिथेच त्याचा विषय संपतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची साक्षरता ७७ टक्क्यांच्या आसपास आहे. त्या ७७ मध्ये हा पोरगाही असणार. ज्याला समजून लिहिता-वाचता येतं तो साक्षर, एवढी व्याख्या. पण बोळातून बाहेर यायला त्याला आठवी पास हवी होती. आयटीआयला वेल्डरसारख्या ट्रेडला आठवी चालते, हे त्याने स्वतः चौकशी करून आणलं होतं.

त्याच्यासाठी मी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची माहिती काढली. पाचवी, आठवीची परीक्षा बाहेरून देता येते. शाळेत रोज जायला नको, नोकरी सांभाळून अभ्यास. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, आठवीची ही सोय कमी जणांना माहीत असते. कागद जमवणं हे अभ्यासापेक्षा मोठं काम निघालं. शाळा सोडल्याचा दाखला आणायला तो एका शाळेत तीनदा गेला आणि दर वेळी उद्या ये म्हणून परत आला. प्रत्येक उद्याला त्याचा एक खाडा. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "राहू द्या मॅडम." चौथ्यांदा मी बरोबर गेले आणि दाखला दहा मिनिटांत मिळाला. ही दहा मिनिटं मला आजही खुपतात. माझ्यासारखी साडी नेसलेली, बँकेतून निवृत्त बाई शेजारी उभी राहिली म्हणून मिळालेली दहा मिनिटं होती ती.

हा पोरगा जिथे काम करतो तिथे शेजारच्या खात्यात चादरीवर जकार्ड चालतं. एकदा मी बघायला गेले. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून धोटा जातो आणि चादरीवर मोर उतरतो. एक वयस्क कारागीर पुठ्ठा उजेडासमोर धरून, "इथं एक भोक चुकलंय, मोराच्या मानेला दात पडेल," असं म्हणत होता. मी पुठ्ठा हातात घेतला. मला नुसती भोकं दिसली. त्याला मान दिसत होती. खिशातलं औषधाचं पाकीट मात्र त्याने माझ्यापुढे केलं आणि विचारलं, "हे जेवणाआधी का नंतर?" मला वाटतं, मोठ्यांना शिकवायला जाणाऱ्या प्रत्येकाने आधी असा एक पुठ्ठा हातात घेऊन उभं राहावं.

नव्वदच्या आसपास आम्ही तरुण होतो तेव्हाही साक्षरतेची मोठी लाट आली होती. १९८८ च्या मे महिन्यात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, १९९० साली केरळातला एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर जाहीर झाला आणि सगळीकडे उत्साह संचारला. कंदिलाच्या उजेडात वर्ग, पदयात्रा, पथनाट्यं. मीसुद्धा चार महिने दोन बायांना शिकवलं. दोघी सही करायला शिकल्या. लाट ओसरली, मी नोकरीत गुंतले. पंधरा वर्षांनी त्यातली एक काउंटरवर आली आणि तिने अंगठा पुढे केला. तिने मला ओळखलं नाही. मी ओळखलं, पण बोलले नाही. वाचायला काही हातात आलं नाही की अक्षर विझतं. सही तर चित्रासारखी पाठ केलेली असते, ती सगळ्यात आधी जाते. म्हणून आता मी सहीने सुरुवात करत नाही. लोकांना ते आवडत नाही, बायांनाही सुरुवातीला नाही आवडलं. "आधी सही शिकवा की," म्हणायच्या. मी म्हणायचे, सही आपोआप येईल, आधी लॉगबुक.

आता २०२२ पासून पाच वर्षांसाठी केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, उल्लास म्हणतात त्याला. आमच्या बायांची नावं शेजारच्या शाळेतल्या गुरुजींनी त्यात नोंदवली. मार्च २०२४ मध्ये एका रविवारी परीक्षा झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. त्यातली एक गोष्ट मला मनापासून पटली. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आपल्या सवडीने यायचं आणि तीन तास बसायचं. कुणीतरी विचार करून हे ठरवलं असणार. अक्का अकराला गेल्या, स्वयंपाक उरकून. नवी साडी, केसात आबोली. नातू सोडायला आला होता. वर्गात लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या त्या बायांना मी खिडकीतून पाहिलं. अक्कांचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती, सूप नसताना पान वळल्यासारखी.

पास झाल्या. प्रमाणपत्र आलं, घरात देवाच्या फोटोशेजारी लागलं. पोरगाही आठवी झाला, आता आयटीआयची वाट बघतो आहे.

पण मला सांगायचं आहे ते लॉगबुकाचं. अक्का वाचायला लागल्या तेव्हा मनात कुठेतरी माझी खात्री होती की आता चेकरची लबाडी उघडी पडणार. आपण अशाच गोष्टी ऐकलेल्या असतात. अक्कांनी महिनाभर रोज कारखान्यातून आल्यावर आकडे ताडून पाहिले. बोललेली छाट आणि लिहिलेली छाट. एकदाही फरक निघाला नाही. मी जरा गप्पच झाले. अक्का खूश होत्या. म्हणाल्या, "चांगला माणूस हाय. आधी नुसतं मानत होते, आता मला म्हाईत हाय." मानणं आणि माहीत असणं. तीस वर्षं बाईने रोज एका माणसावर विश्वास टाकला होता, कारण दुसरा इलाजच नव्हता. आता तिने तो स्वतः ठेवला.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वर्ग सुटल्यावर अक्का म्हणाल्या, घरी या. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. फंडाच्या कामाला लागतील म्हणून जपून ठेवलेली जुनी लॉगबुकं, सुतळीने बांधलेली. कोपरे कुरतडलेले, तंबाखूचा वास. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पान उलटत आकडे वाचायला लागल्या, आधी ओठांतल्या ओठांत तेलुगूत, मग मोठ्याने मराठीत. हजार. हजार. नऊशे. हजार. एका पानावर आकडे उतरत गेले होते, सहाशे, चारशे, तीनशे, आणि मग बरेच दिवस कोरे. त्या कोऱ्या रकान्यांवरून त्यांनी हळूहळू बोट फिरवलं.

"ही धाकटी झाली तेव्हाचं," त्या म्हणाल्या.

मग पुढचं पान उलटलं.